उदारमतवादी लोकशाहीचे अनिश्चित भवितव्य : फुकुयामा यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात 'उदारमतवादी लोकशाही' ही संज्ञा बहुधा एकच शब्द असल्याप्रमाणे उच्चारली जाते. तिची वैशिष्ट्ये क्रमाने सांगितली जातात : संविधान, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायसंस्था, प्रौढ मताधिकार, मुक्त निवडणुका, बहुपक्षपद्धती. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत 'टीपा लिहा' या प्रश्नाखाली परत करतात. या यादीतील पहिली तीन वैशिष्ट्ये मुळात उदारमतवादाची आहेत, पुढील लोकशाहीची आहेत आणि या दोहोंचा संसार इतिहासात फार उशिरा व पुष्कळ कुरबुरींनंतर सुरू झाला, ही गोष्ट यादीत कोठेच दिसत नाही. तो संसार मोडण्याची चिन्हे दिसू लागली की मग आपल्याला आश्चर्य वाटते.

प्रस्तुत लेखात फ्रान्सिस फुकुयामा यांच्या 'इतिहासाचा अंत' या प्रतिपादनाची या दृष्टीने चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे प्रतिपादन जुने झाले, त्यावर पुरेसे लिहून झाले, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. परंतु त्यावरील बरीचशी टीका ग्रंथाच्या शीर्षकापलीकडे गेलेली नाही. युद्ध झाले, बाँबस्फोट झाला, कोठे हुकूमशहा आला की 'इतिहास संपला नाही' असे म्हणून फुकुयामांना निकालात काढण्याची पद्धत पडून गेली आहे. ते जे म्हणाले ते याहून अधिक गंभीर होते आणि त्यांच्या मांडणीतील उणीवही याहून वेगळ्या ठिकाणी आहे.

दोन परंपरांची जोड

उदारमतवादाचा मूळ प्रश्न सत्तेच्या मर्यादेचा आहे, तर लोकशाहीचा प्रश्न सत्तेच्या मालकीचा. सत्ता कोणाचीही असो, तिने व्यक्तीच्या जीवनात कोठपर्यंत यावे हे ठरले पाहिजे, असे उदारमतवादी म्हणतो. सत्ता सर्वांची असली पाहिजे, असे लोकशाहीवादी म्हणतो. एकाचे म्हणणे मान्य करून दुसऱ्याचे नाकारता येते आणि तसे दीर्घकाळ घडलेही आहे. इंग्लंडमध्ये १६८८ च्या राज्यक्रांतीने राजसत्तेला मर्यादा घातल्या. पण स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. मधल्या दोनशे चाळीस वर्षांत तेथील राज्य उदारमतवादी होते असे म्हणता येईल. लोकशाही होते असे म्हणणे कठीण आहे. जॉन स्टुअर्ट मिल स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कर्ता होता. तरीही प्रातिनिधिक शासनावरील १८६१ च्या ग्रंथात त्याने सुशिक्षितांना एकाहून अधिक मते असावीत, अशी शिफारस केली होती. स्वातंत्र्याचा एवढा मोठा भाष्यकार बहुमताला भीत होता, हे त्याचे वैगुण्य म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. त्याच्या परंपरेतच ही भीती होती.

कॅनेडियन विचारवंत सी. बी. मॅक्फर्सन यांनी १९७७ मधील आपल्या छोट्याशा पुस्तकात ही जोड उकलून दाखविली. उदारमतवादी लोकशाही म्हणजे भांडवली बाजारव्यवस्थेची लोकशाही, असा एक अर्थ. प्रत्येकाला आपल्या क्षमतांचा विकास करण्याचे समान स्वातंत्र्य देऊ पाहणारा समाज, हा दुसरा अर्थ. हे दोन्ही अर्थ एकाच संज्ञेत सुखाने नांदू शकत नाहीत, असे त्यांना म्हणावयाचे होते. दुसऱ्या टोकाला कार्ल श्मिट होता. त्याने १९२३ मध्ये संसदीय पद्धतीवर लिहिताना चर्चेवरील विश्वास हे उदारमतवादाचे लक्षण मानले. लोकशाहीचे लक्षण त्याच्या मते राज्यकर्ते व जनता यांची एकरूपता हे होते, आणि ही एकरूपता साधावयाची तर जनता एकजिनसी असली पाहिजे, जे त्यात बसत नाहीत त्यांना वगळले पाहिजे. हाच श्मिट १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला. त्याचा निष्कर्ष त्याज्य आहे. पण त्याने दाखविलेली फट खरी आहे, हे शांताल मूफ यांच्यासारख्या डाव्या अभ्यासकांनाही मान्य करावे लागले.

मराठी वाचकाला या ताणाची ओळख श्मिटकडून करून घेण्याचे वास्तविक कारण नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा महात्मा फुले यांनी ते नाकारले. माणसांना माणूस म्हणून असलेले हक्क जे राजीखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभेशी शूद्रातिशूद्रांचा मेळ कसा बसावा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. उदार मताची सभा आणि सर्वांची सभा यांतील अंतर इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच मांडले गेले असेल.

शीर्षक आणि ग्रंथ

१९८९ च्या उन्हाळ्यात 'द नॅशनल इंटरेस्ट' या अमेरिकन नियतकालिकात फुकुयामांचा निबंध प्रसिद्ध झाला. बर्लिनची भिंत त्यानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये कोसळली. निबंधाच्या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह होते. १९९२ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ते प्रश्नचिन्ह गळाले आणि 'शेवटचा माणूस' हे नीत्शेकडून घेतलेले पद शीर्षकात दाखल झाले. टीकाकारांनी गळालेल्या प्रश्नचिन्हाची दखल घेतली. नव्याने आलेल्या पदाची फारशी घेतली नाही. खरे तर प्रश्नचिन्हातील शंका या पदाच्या रूपाने ग्रंथात शिल्लक राहिली होती.

फुकुयामा हेगेल वाचतात तो अलेक्झांडर कोजेव्ह यांच्या व्याख्यानांमधून. मनुष्य केवळ भाकरीसाठी झगडत नाही. आपल्याला कोणी मानावे, आपली प्रतिष्ठा ओळखावी, यासाठी तो झगडतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील 'थायमॉस' या आत्म्याच्या अंशाचा आधार घेऊन फुकुयामा या प्रेरणेचे दोन प्रकार करतात : इतरांच्या बरोबरीचे मानले जाण्याची इच्छा आणि इतरांहून श्रेष्ठ मानले जाण्याची इच्छा. उदारमतवादी लोकशाही पहिली इच्छा हक्कांच्या रूपाने पुरी करते, म्हणून तिला तात्त्विक प्रतिस्पर्धी उरलेला नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घटना थांबतील असे ते कोठेच म्हणत नाहीत. व्यवस्थेची कल्पना म्हणून हिच्याहून चांगले काही सुचविता येत नाही, एवढेच ते म्हणतात. हा दावा आजही सहजासहजी खोडून काढता येत नाही. चीनच्या राज्यपद्धतीचे कौतुक करणारे अनेक आहेत. ती सर्व मानवजातीसाठी न्याय्य आहे असा युक्तिवाद गंभीरपणे मांडणारे फार थोडे.

अडचण दुसऱ्या इच्छेची आहे. श्रेष्ठत्वाची भूक समतेच्या राज्यात कोठे जाणार? फुकुयामांचे उत्तर असे की उद्योगधंदा, क्रीडा, गिर्यारोहण, निवडणुकीचे राजकारण हे तिचे निरुपद्रवी मार्ग होत. या संदर्भात त्यांनी १९९२ मध्ये जी उदाहरणे दिली, त्यांत गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांच्याबरोबर डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाचेही नाव होते. पुढे २०१६ मध्ये ट्रम्प अध्यक्षपदी निवडून आले. २०२० च्या पराभवानंतर ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांनी संसदभवनावर हल्ला केला. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. ज्या भुकेला बाजारपेठ पुरेशी आहे असे मानले होते, ती बाजारपेठेतूनच राजकारणात आली. फुकुयामांनी नंतर स्वतःच्या लेखनात या उल्लेखाची आठवण करून दिली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण आपल्याला हे आधीच दिसले होते, असा जो सूर तेथे लागतो तो पटण्यासारखा नाही. धोका त्यांनी पाहिला होता हे खरे. मात्र त्याची व्यवस्था लागली आहे, असेच त्यांनी लिहिले होते.

ग्रंथाच्या शेवटच्या भागात फुकुयामा आणखी एक भाकीत करतात. मागील पिढीने न्याय्य ध्येयासाठी लढून ते मिळविले, तर पुढील पिढी लढण्यासाठी काही उरले नाही म्हणून त्या ध्येयाविरुद्धच लढेल. तिला कंटाळा सहन होणार नाही. हे विवेचन वाचनीय आहे, आणि नेमके येथेच त्यांच्याशी मतभेद नोंदवावा लागतो. उदारमतवादी लोकशाहीचे संकट ते माणसाच्या मनात शोधतात. ज्या संस्थांच्या आधारे ही व्यवस्था उभी असते, त्या संस्था कशा पोखरल्या जातात याविषयी एवढ्या मोठ्या ग्रंथात फारच थोडे सापडते. कंटाळलेला मनुष्य निषेधाचा फलक हाती घेईल. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय बदलण्यासाठी मात्र कंटाळा पुरत नाही. त्यासाठी संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागते.

हंगेरीचा दाखला

ज्या वर्षी फुकुयामांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी १६ जून रोजी बुडापेस्टच्या वीर चौकात इम्रे नॉज यांचा पुनर्दफनविधी झाला. १९५६ च्या उठावानंतर फाशी दिलेल्या या पंतप्रधानाला एकतीस वर्षांनी सन्मानाने निरोप देण्यात येत होता. त्या सभेत सोव्हिएत सैन्य परत जावे अशी मागणी करणारा सव्वीस वर्षांचा एक तरुण बोलला. त्याचे नाव व्हिक्टर ऑर्बान. त्याचा फिडेस हा पक्ष तेव्हा तरुण उदारमतवाद्यांचा पक्ष म्हणून ओळखला जाई आणि ऑर्बान स्वतः त्याच वर्षी सोरोस प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. इतिहासाच्या अंताचे छायाचित्र काढावयाचे असते तर याहून चांगला क्षण मिळाला नसता.

२०१० च्या निवडणुकीत फिडेस आघाडीला सुमारे त्रेपन्न टक्के मते व ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. हंगेरीची संसद एकसभागृही असून संविधानदुरुस्तीस एवढे बहुमत पुरेसे होते. नव्या संविधानाच्या मसुद्याची कार्यपद्धती चार पंचमांश बहुमताने ठरवावी, अशी एक तरतूद १९९० च्या दशकात करून ठेवली होती. ती तरतूदच २०१० मध्ये दोन तृतीयांश बहुमताने काढून टाकण्यात आली. २०११ मध्ये नवे संविधान संमत होऊन १ जानेवारी २०१२ पासून अमलात आले. संविधान न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या अकरावरून पंधरा झाली. संसदेच्या जागा १९९ वर आल्या व मतदारसंघ नव्याने आखले गेले. २०१४ च्या निवडणुकीत आघाडीची मते सुमारे पंचेचाळीस टक्क्यांवर घसरली. तरीही १९९ पैकी १३३ जागा, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश, तिच्या पदरात पडल्या. मतपेट्या पळविल्या गेल्या नव्हत्या. सर्व काही कायद्याने झाले होते.

न्यायाधीशांच्या निवृत्तीवयाचे प्रकरण तर विशेष बोधप्रद आहे. हे वय सत्तरवरून एकदम बासष्टवर आणल्याने ज्येष्ठ न्यायाधीशांची एक संपूर्ण फळी घरी गेली. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये हंगेरीविरुद्ध निर्णय दिला. पण तो वयावर आधारित नोकरीतील भेदभाव या मुद्द्यावर. युरोपीय आयोगाने खटलाच त्या मुद्द्यावर चालविला होता. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावरील आघात हा एखाद्या कर्मचाऱ्याच्या गाऱ्हाण्याप्रमाणे तपासला गेला. कारण उदारमतवादी लोकशाही सदस्यदेशांत गृहीत धरलेली होती. ती आतून मोडली तर काय करावयाचे याचे सहज वापरता येईल असे कलम हाताशी नव्हते.

जुलै २०१४ मध्ये ऑर्बान यांनी रुमानियातील तुश्नादफ्युर्दो येथील भाषणात आपण उभारीत असलेले राज्य उदारमतवादी नाही, असे उघडपणे सांगितले. यशस्वी देशांची उदाहरणे म्हणून सिंगापूर, चीन, भारत, तुर्कस्तान व रशिया यांची नावे त्यांनी घेतली. या पाच देशांना एका माळेत ओवणे शास्त्रीय दृष्ट्या टिकणारे नाही. पण आपला उल्लेख अशा यादीत आदराने होतो, हे भारतीय अभ्यासकाने विसरू नये. यानंतरच्या २०१८ व २०२२ च्या निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला २०१७ च्या कायद्यानंतर आपले अध्यापन व्हिएन्नाला हलवावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने हंगेरीच्या राज्यपद्धतीला 'निवडणुकांद्वारे चालणारी एकाधिकारशाही' असे संबोधले. महाविद्यालयीन अध्यापकांनी यांतील विद्यापीठाची हकीगत सवडीने वाचावी.

श्मिटने दाखविलेली फट येथे प्रत्यक्ष धोरण म्हणून वापरलेली दिसते. जनतेचे नाव घेऊन मर्यादा काढून टाकावयाच्या, आणि काढून टाकल्यावर त्या परत बसविणे जनतेलाही अवघड होईल अशी रचना करावयाची.

रॉल्स यांची तळटीप

फुकुयामांच्या ग्रंथानंतर एका वर्षाने जॉन रॉल्स यांचा 'पोलिटिकल लिबरलिझम' प्रसिद्ध झाला. भिन्न धर्मांचे, भिन्न तत्त्वज्ञानांचे नागरिक न्यायाच्या समान तत्त्वांवर आपापल्या कारणांनी एकमत होऊ शकतील, हा त्यांचा सिद्धान्त विसाव्या शतकातील राज्यविचारात श्रेष्ठ ठरावा असा आहे. परंतु त्यांचा नागरिक आधीच 'विवेकी' असतो. जे अविवेकी आहेत त्यांच्याविषयी एका तळटीपेत असा आशय येतो की युद्धाला व रोगाला आवर घालावा तसा त्यांना आवर घालणे हे व्यावहारिक कार्य आहे. हे अविवेकी लोकच बहुमतात आले, कायदेमंडळात बसले व आवर घालण्याची साधने त्यांच्या हाती गेली तर काय, हा प्रश्न तळटीपेत मावत नाही. फुकुयामा आणि रॉल्स यांच्या विचारपद्धतीत फारच अंतर आहे; पण दोघांनीही प्रस्थापित लोकशाही देशांचा पाया भक्कम मानून वरच्या मजल्यांविषयी लिहिले.

१९७७ चा प्रतिदाखला

यावर एक उपाय फरीद झकेरिया यांनी १९९७ च्या 'फॉरेन अफेअर्स'मधील निबंधात सुचविला होता. निवडणुका म्हणजे सर्व काही नव्हे. आधी संवैधानिक उदारमतवाद रुजावा, मग लोकशाही यावी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाच्या डोळ्यांसमोर भारताचे उदाहरण असायला हवे होते. कारण भारताचा अनुभव या क्रमाला छेद देतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक असा निर्णय देऊन आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटेच विरोधात राहिले. उदारमतवादाचा शेवटचा बुरूज मानली जाणारी संस्था त्या दिवशी पडली. दुरुस्ती झाली ती मार्च १९७७ मध्ये, मतदानकेंद्रावर. त्यानंतर १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आली, आणि जबलपूरचा निर्णय न्यायालयाने स्वतः चुकीचा ठरविला तो २०१७ मध्ये.

या निवडणुकीचे सरसकट गौरवीकरण करण्याचे मात्र कारण नाही. दक्षिणेतील राज्यांनी काँग्रेसलाच भरघोस मते दिली होती, आणि उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा रोष व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वापेक्षा अधिक प्रभावी असावा. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायालय चुकले तेव्हा मतदाराने सावरले. १९६७ च्या गोलकनाथ आणि १९७३ च्या केशवानंद भारती प्रकरणात संसदीय बहुमताला न्यायालयाने रोखले होते. उदारमतवाद व लोकशाही यांनी परस्परांची चूक दुरुस्त करावी, हा या जोडीचा खरा उपयोग आहे. कोण आधी आणि कोण नंतर हा झकेरियांचा प्रश्न म्हणून गौण ठरतो. पोलंडमध्ये २०१५ नंतर न्यायसंस्थेची पुष्कळ मोडतोड झाली होती. तेथेही २०२३ मध्ये चौऱ्याहत्तर टक्के मतदान होऊन सत्ताधारी पक्षाने बहुमत गमावले. हंगेरीत २०१० नंतर निवडणुकीचे नियम आणि न्यायालय या दोन्ही दुरुस्तीच्या जागांवर एकाच वेळी हात घातला गेला. म्हणून एखाद्या देशातील लोकशाहीचे भवितव्य अजमावताना सत्तेवर कोण आहे एवढे पाहून भागत नाही. सत्ताधाऱ्याला चुकीची किंमत मोजावयास लावणाऱ्या जागा किती शिल्लक आहेत, हे मोजावे लागते.

आंबेडकरांचा प्रश्न

या जागा शिल्लक ठेवणारे बळ येते कोठून? फुकुयामा व रॉल्स यांनी न विचारलेला हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तीन वेळा विचारला. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी बजावले की संविधानाच्या शब्दाला हात न लावता केवळ कारभाराची पद्धत बदलून ते विकृत करता येते. संवैधानिक नीती ही उपजत भावना नसून ती अभ्यासाने अंगी बाणवावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मिलचाच हवाला देऊन त्यांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला आणि राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती फार काळ टिकणार नाही, असे सांगितले. फुकुयामांचा 'मान्यतेसाठीचा झगडा' येथे एका ठोस रूपात दिसतो. ज्याला गावच्या विहिरीवर मान्यता नाही, त्याला मतपत्रिकेवरील मान्यता कितपत पुरेल? फुकुयामांच्या व्यवस्थेत हक्क मिळाले की मान्यता मिळाली. आंबेडकरांना हे समीकरण मान्य होण्यासारखे नव्हते.

तिसरे, खरे तर पहिले, विवेचन पुण्याचे आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी रानडे यांच्या एकशेएकाव्या जयंतीच्या सभेत त्यांनी असे प्रतिपादन केले की हक्कांचे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते. समाजच हक्क नाकारू लागला तर कायदा, संसद वा न्यायालय यांपैकी कोणीही ते वाचवू शकत नाही. रानडे यांनी समाजसुधारणेला दिलेले अग्रस्थान त्यांना याच कारणासाठी मोलाचे वाटते. त्याच भाषणात ते रानडे यांचा वारसा सांगणाऱ्या उदारमतवादी पक्षाच्या ऱ्हासाकडेही वळतात आणि त्यांच्यात संघटनेचा अभाव होता, याकडे बोट दाखवितात. मते योग्य, माणसे विद्वान, परंतु गावोगाव जाऊन ती मते रुजविणारे कोणी नाही, अशी ती स्थिती होती.

फुकुयामांनी २०२२ मध्ये उदारमतवादावरील आपल्या नव्या पुस्तकाचा शेवट संयमाच्या आवाहनाने केला आहे. बाजाराने अतिरेक केला, अस्मितांच्या राजकारणाने अतिरेक केला, आता दोघांनी आवरते घ्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. निदान बरेचसे बरोबर आहे. मात्र हा संयम कोणी, कोणत्या संघटनेच्या बळावर, कोणत्या वस्तीत जाऊन शिकवावयाचा, याविषयी पुस्तकात काही सापडत नाही. पुण्याच्या सभेत आंबेडकरांनी रानड्यांच्या अनुयायांसमोर ठेवलेला संघटनेचा मुद्दा येथेही तसाच शिल्लक राहतो.